‘अमातेरासू’ कण पोकळीतून आला असं म्हणण्याआधी

27 मे 2021 रोजी अमेरिकेतल्या यूटा राज्यात नोंदल्या गेलेल्या ‘अमातेरासू’ या वैश्विक कणाविषयी एक मजकूर बराच फिरतोय: ‘दुर्बिणीने टिपलेला, प्रकाशापेक्षा वेगवान कण रिकाम्या पोकळीतून आला, अंगावर पडता तर वीट आदळल्यासारखं लागलं असतं.’

दुर्बिणीने टिपला? तो नोंदवणाऱ्या प्रकल्पाच्या ‘टेलिस्कोप अ‍ॅरे’ या नावामुळे तसं वाटतं खरं. प्रत्यक्षात तिथे सुमारे 700 चौरस किलोमीटर वाळवंटात, 1.2 किलोमीटरच्या अंतराने 507 शोधक मांडले आहेत. प्रत्येकात 3 चौरस मीटरचे प्लास्टिक सिंटिलेटरचे (कण आरपार गेला की चमकणाऱ्या पदार्थाचे) दोन थर. हवेतल्या नायट्रोजनची अंधुक अतिनील चमक पाहणाऱ्या दुर्बिणीही आहेत, पण त्या रात्री लख्ख चांदणं असल्याने त्या बंद होत्या. असा कण हवेवर आदळून फुटला की उडणारा कणांचा वर्षाव पकडला तो जमिनीवरच्या 23 शोधकांनी. वर्षाव तिरपा येतो, त्यामुळे शेजारच्या शोधकांत एक-दोन मायक्रोसेकंद मागेपुढे होतं. जीपीएसच्या वेळेवरून हा फरक मोजला की दिशा निघते. ऊर्जा काढणं जास्त किचकट. वर्षावाच्या गाभ्यापासून 800 मीटरवरची कणांची घनता संगणकीय प्रतिरूपाशी ताडतात. नुसत्या प्रतिरूपावर विसंबलं तर ऊर्जा 27 टक्के जास्त येते, म्हणून शोधक आणि दुर्बिणी अशा दोन्हींना दिसलेल्या इतर वर्षावांवरून ती खाली आणतात. एवढं करून आकडा आला सुमारे 2.4 × 10²⁰ इलेक्ट्रॉनव्होल्ट, म्हणजे 40 ज्यूल.

4 किलोची वीट 1 मीटरवरून पडली तर तेवढीच ऊर्जा. ही तुलना ठीक. पण मूळ कण जमिनीपर्यंत पोचतच नाही. तो वातावरणात वरच फुटतो आणि ऊर्जा अब्जावधी कणांत वाटली जाते.

वेगाचा दावा तर साफ चूक. हा प्रोटॉन असेल, तर प्रकाशाशी एक सेकंद शर्यत लावून तो मागे पडेल जेमतेम स्वतःच्या व्यासाएवढा. पण मागेच पडेल.

राहिली पोकळी, म्हणजे जिथे दीर्घिका फारच विरळ आहेत असा अवकाशाचा भाग. कण आला ती दिशा म्हणजे त्याचं गाव नव्हे. आकाशगंगेचं चुंबकीय क्षेत्र विद्युतभारित कणाला वळवतं, आणि तेवढ्याच ऊर्जेचं लोहाचं केंद्रक प्रोटॉनच्या 26 पट वळतं. प्रोटॉन की लोह, हे वर्षाव हवेत किती खोलवर ऐन भरात आला यावरून ताडतात, आणि ती खोली थेट दिसते त्या बंद असलेल्या दुर्बिणींनाच. प्रोटॉन असेल तर तो फारसा वळणार नाही आणि पोकळीचं कोडं खरंच उरतं. शिवाय एवढ्या ऊर्जेचे प्रोटॉन वैश्विक पार्श्वभूमी प्रारणाशी (महास्फोटानंतर उरलेल्या, सगळीकडे पसरलेल्या प्रारणाशी) टकरून ऊर्जा गमावतात; त्यामुळे उगम साधारण 10 कोटी प्रकाशवर्षांच्या आतच शोधावा लागतो. लोह असेल, तर उगम पोकळीबाहेरच्या एखाद्या दीर्घिकेतही असू शकतो.