तलवार नव्हे, निशाण
फ्रान्ससाठी इंग्रजांशी लढलेल्या जोन ऑफ आर्कवरचा लेख आवडला, पण त्यातलं तिने ‘तलवारीने शत्रू कापून काढले’ हे खटकलं. पुढे पकडली गेल्यावर तिच्यावर पाखंडाचा खटला चालला, त्यात तिनेच सांगितलंय, की तलवारीपेक्षा निशाण आपल्याला ४० पटीने प्रिय होतं आणि आपण कुणालाही ठार मारलं नाही. ऑर्लेआं या फ्रेंच शहराला इंग्रजांचा वेढा ऑक्टोबर १४२८ पासूनचा. ती पोहोचल्यावर दहा दिवसांत, ८ मे १४२९ ला उठला. आदल्याच दिवशी तिला बाण लागला होता, तरी पोरगी परत लढाईत! वय जेमतेम सतरा.

आणि फ्रान्सच्या राजाबद्दल, सातव्या चार्ल्सबद्दल अवाक्षर नाही? तिच्यामुळे मुकुट मिळाला, पण ती पकडली गेल्यावर त्याने खंडणी भरली नाही. इंग्रजांनी मात्र तिला ताब्यात घ्यायला १०,००० लिव्र (तेव्हाचं फ्रेंच चलन) मोजले. तिला दोषी ठरवणारा खटल्याचा निकाल १४५६ मध्ये फिरवला गेला, तोही चार्ल्सच्या मुकुटावरचा डाग पुसायला, असं मला तरी वाटतं.