यंत्रंही वाढणार आणि नोकऱ्याही?

रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या गावच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: खाणी आणि तेलप्रकल्प आता यांत्रिक झालेत, अपघात जवळजवळ बंद, वर कोकणातल्या पोरांना लाखभर नोकऱ्या, विरोध करणारे अडाणी.

आधी नोकऱ्या. यंत्र आणतात ते माणसं कमी लागावीत म्हणूनच ना? कोल इंडियात 2000 च्या सुमारास 5 लाखांहून जास्त कामगार होते. 2024 पर्यंत सव्वादोन लाखांच्या आसपास उरले, आणि कोळसा निघाला अडीचपटीहून जास्त. (पटाबाहेरचे कंत्राटी कामगार यात धरलेले नाहीत.) रिफायनरीचे मोठमोठे आकडेही बहुतेक बांधकामाच्या काळातले असतात, टाक्या उभ्या राहिल्या की वेल्डर-फिटर पुढच्या साइटवर.

अपघात घटले म्हणे. माणसंच निम्मी झाल्यावर एकूण आकडा उतरणारच. हजार कामगारांमागे किती, ते सांगा. शिवाय नोंद होते कशाची? 1952 च्या खाण कायद्यात साधी दुखापत नोंदीत यायला 72 तास काम बुडावं लागे. रोजंदारीवाला बोटाला फडकं बांधून दुसऱ्या दिवशी हजर! जांभ्याची उघडी खाण 6 मीटरच्या आत, माणसं 50 पर्यंत आणि सुरुंग नाही, तर त्या कायद्याच्या बहुतेक कलमांतून सूटच होती. आता आपल्या चिरेखाणी आठवा. कटरचं गरगरतं पातं, लाल धुरळा, तोंडाला गमछा, आणि तीसेक किलोचा चिरा ट्रकात चढवणारा परप्रांतीय मजूर. (कोकणातली पोरं तिथे किती दिसतात, हेही एकदा बघा.) सिंधुदुर्गातल्या कासार्डे भागात सिलिका वाळू निघते. त्या धुळीने होणारा सिलिकोसिस (फुप्फुसाचा आजार) दिसायला वर्षं जातात, तोवर माणूस काम सोडून गेलेला असतो. त्याला कुठल्या रकान्यात धरणार?

तेलाचं काम सुरक्षित, हे तर कोकणात बसून कुणी लिहू नये. 27 जुलै 2005 ला मुंबई हाय या समुद्रातल्या तेलक्षेत्रात बोटं कापलेल्या स्वयंपाक्याला प्लॅटफॉर्मवर पोचवायला आलेलं जहाज गॅसवाहिनीवर आदळलं. आगीत 22 बळी. 3 सप्टेंबर 2019, उरणचा ओएनजीसी प्रकल्प: 4 बळी. मे 2021 च्या तौक्ते वादळात पी-305 हा तेलक्षेत्रातल्या कामगारांच्या राहण्याचा बार्ज (तरंगता तराफा) बुडाला, सुमारे 70 जण गेले. बार्जवरची ही बहुतेक ठेकेदारांकडे कामाला असलेलीच माणसं.

अडाणीपणाचं म्हणाल, तर रोजगार नको असं इथे कुणी म्हणत नाही. कायम किती, ठेकेदाराकडे किती, आणि ठेकेदाराच्या माणसाचा हात गेला तर भरपाई कोण देणार, एवढं ग्रामसभेत लेखी द्या.