गिअर वेळेवर पडत नाही म्हणजे गिअरबॉक्स गेला? जुन्या जीप चेरोकीपुरतं तरी थांबा

अमेरिकेत जुनी गाडी स्वस्तात घेणाऱ्यांमध्ये एक सल्ला फिरतो. त्याचा मजकूर साधारण असा: "जुन्या ऑटोमॅटिक एसयूव्हीचे गिअर वेळेवर पडेनात, गाडी जागेवरून जड उठायला लागली, की गिअरबॉक्स गेला. या गाड्यांत कॉम्प्युटर-बिम्प्युटर नसतो. ऑइल बदललं तर उरलासुरलाही जातो. फार तर रात्रभर बॅटरी काढून ठेवा, रीसेट होईल. नाहीतर सरळ ओव्हरहॉल करा."

१९८७ ते २००१ च्या चार लिटर इंजिनाच्या ऑटोमॅटिक चेरोकीला हे लावून पाहू. तिच्यात आयसिन-वॉर्नर या जपानी कंपनीचा चार गिअरचा एडब्ल्यू४ गिअरबॉक्स बसतो.

"कॉम्प्युटर नसतो." असतो. डॅशबोर्डखाली टीसीयू (ट्रान्समिशन कंट्रोल युनिट) नावाचा वेगळा डबा आहे, तोच गिअरबॉक्सचा कॉम्प्युटर. थ्रॉटल (पॅडल दाबल्यावर उघडणारी इंजिनाची हवेची झडप) किती उघडलाय, गाडी किती वेगात आहे, लिव्हर कुठे आहे आणि ब्रेक दाबलाय का, एवढं पाहून तो तीन सोलेनॉइड, म्हणजे गिअरबॉक्समधले विजेवर चालणारे व्हॉल्व्ह, चालू-बंद करतो. एस१ आणि एस२ गिअर ठरवतात, एस३ टॉर्क कन्व्हर्टरचं लॉक-अप, म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्समधली ऑइलवर चालणारी जोडणी घट्ट बांधणं. पहिल्या गिअरला फक्त एस१ चालू, दुसऱ्याला दोन्ही, तिसऱ्याला फक्त एस२, चौथ्याला दोन्ही बंद. हा तक्ता पाठ असला की अर्धं निदान तिथंच होतं. एस२ मेला तर गाडी पहिल्यातून थेट चौथ्यात जाते. एस१ मेला तर डी मध्ये पहिला-दुसरा मिळतच नाही.

"जड उठते म्हणजे गिअरबॉक्स गेला." इथेच सगळ्यात जास्त पैसे वाया जातात. टीसीयूचा फ्यूज उडाला किंवा वायर तुटली की तिन्ही सोलेनॉइड बंद पडतात, आणि डी मध्ये गाडी चौथ्या गिअरवर उठू पाहते. जड उठणारच. म्हणून गिअरबॉक्स खोलायच्या आधी ही चाचणी करा, पैसा लागत नाही. इंजिन बंद करून टीसीयूचा कनेक्टर काढा आणि रिकाम्या रस्त्यावर हाताने गिअर टाकत चालवा: लिव्हर १-२ वर असताना पहिला, ३ वर तिसरा, डी वर चौथा. रिव्हर्स नेहमीसारखाच. तिन्ही गिअर न घसरता ओढत असतील तर बिघाड विजेच्या बाजूला असण्याची शक्यता जास्त. दुसरा गिअर मात्र या चाचणीत येत नाही, त्याला दोन्ही सोलेनॉइड लागतात. आणि वेगात असताना लिव्हर १-२ वर ओढू नका. सरळ पहिला पडेल आणि इंजिन किंचाळेल.

पुढची पायरी मल्टिमीटरची. गिअरबॉक्सकडे जाणाऱ्या कनेक्टरवर प्रत्येक सोलेनॉइडची वायर आणि बॉडी यांच्यात ११ ते १५ ओहम यायला हवेत. वाचन अनंत आलं तर कॉइल किंवा वायर तुटली, शून्याजवळ आलं तर शॉर्ट. सोलेनॉइड बदलायला ऑइल पॅन उतरवावा लागतो, गिअरबॉक्स नाही.

सोलेनॉइड ठीक निघाले तर थ्रॉटल सेन्सर. १९९१ पासूनच्या गाडीत पॅडल सावकाश दाबताना व्होल्टेज एकसारखं चढायला हवं. मध्येच गचकी बसली तर गिअर वर-खाली नाचतात. काट्याच्या मीटरवर ती चटकन दिसते, डिजिटलवर निसटते. १९८७-९० च्या गाडीत सेन्सरला दोन कनेक्टर असतात, आणि टीसीयूकडचा उलटा चालतो: थ्रॉटल बंद असताना पुरवठ्याच्या सुमारे ८३ टक्के, म्हणजे ५ व्होल्टला ४.१५. हे ठाऊक नसल्याने चांगले सेन्सर फेकले जातात. रिव्हर्सचे दिवे लागत नसतील किंवा पार्कमध्ये स्टार्टर फिरत नसेल, तर गिअरबॉक्सच्या बाजूला बसवलेला, लिव्हरची जागा कळवणारा न्यूट्रल सेफ्टी स्विच काढून आतले संपर्क साफ करा. चिखल-पाणी तिथे हमखास शिरतं. लॉक-अप लागत नसेल तर आधी ब्रेक लाइटचा स्विच बघा.

"बॅटरी काढली की रीसेट होतो." काय रीसेट होणार? गिअरबॉक्सच्या आतल्या क्लचची (गिअर धरून ठेवणाऱ्या चकत्यांची) झीज ओळखून ऑइलचं प्रेशर जुळवून घेणं या टीसीयूचं कामच नाही. लाइन प्रेशर, म्हणजे क्लच दाबून धरणारं ऑइलचं प्रेशर, थ्रॉटलला जोडलेल्या केबलने ठरतं. ती सैल असेल तर गिअर लवकर आणि मऊ पडतात, क्लच घसरून जळतात. जास्त ताणलेली असेल तर उशिरा आणि धक्क्याने. इंजिन बंद ठेवून केबलचं बटण दाबा, प्लंजर आत ढकला, मग थ्रॉटल हाताने पूर्ण उघडा. केबल आपोआप योग्य जागी बसते.

"ऑइल बदलू नका." जळालेलं ऑइल बदलल्यावर बंद पडलेला गिअरबॉक्स आधीच संपलेला होता, दोष नव्या ऑइलवर जातो, एवढंच. एडब्ल्यू४ ला डेक्सरॉन ३ जातीचं ऑइल लागतं. जीप म्हटल्यावर काउंटरवरचा माणूस तेव्हा जीप बनवणाऱ्या क्रायस्लर कंपनीचं एटीएफ+४ ऑइल पुढे करतो, ते घेऊ नका. प्लग उघडला तरी सुमारे ८ लिटरपैकी निम्मंच निघतं, बाकीचं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून थोडं चालवून पुन्हा एकदा बदलावं.

ओव्हरहॉल खरंच लागतो तो टीसीयू काढलेला असतानाही तिसरा किंवा चौथा घसरत असेल, ऑइल काळं आणि जळक्या वासाचं असेल आणि पॅनमध्ये क्लचच्या अस्तराचे तुकडे सापडले तर. पॅनमधल्या चुंबकाला चिकटलेली बारीक करडी पूड ही त्यात धरू नका, ती नेहमीची झीज आहे.