सातारकर सर, तुमच्या कॉमेंटला उत्तर (जरा लांबलंय)

सर म्हणते, कारण तुम्हीच लिहिलंयत की एकतीस वर्षं मास्तरकी केली आणि त्यातली शेवटची नऊ हेडमास्तर म्हणून. माझे वडीलही झेडपीच्या शाळेत होते, त्यामुळे हेडमास्तरांना नुसत्या नावाने हाक मारणं मला या जन्मात जमायचं नाही.

तुमची कॉमेंट पहिल्यांदा वाचली तेव्हा राग आला, खोटं कशाला बोलू. रात्री परत वाचली तेव्हा वाटलं की माणूस वैतागलाय पण उगाच वैतागलेला नाही, म्हणून त्या चौकटीत चार ओळी न टाकता इथे सावकाश लिहितेय. ज्यांनी आधीची पोस्ट वाचली नाही त्यांच्यासाठी सांगते, माझी मुलगी इथे न्यू जर्सीत सातवीत आहे, सकाळी वर्गातल्या स्पीकरवर प्लेज सुरू होते, पोरं उभी राहून छातीवर हात ठेवून झेंड्याला निष्ठेची शपथ म्हणतात आणि तिच्या वर्गातला एक मुलगा रोज खाली मान घालून बाकावर बसून राहतो. टीचर त्याला काही म्हणत नाही, कारण कायद्याने म्हणताच येत नाही. मी त्या मुलाचं आणि टीचरचं कौतुक केलं होतं. त्यावर सर म्हणतात की देशाने शाळा दिली, बस दिली, त्या बदल्यात दोन मिनिटं उभं राहता येत नसेल तर ते स्वातंत्र्य नाही, माज आहे. हक्क, हक्क करून अमेरिकेने नीती कोर्टात गहाण टाकली, तिथे नाझींनासुद्धा मोर्चा काढायची परवानगी मिळते. आणि आपल्याकडे हे खपवून घेतलं नसतं, याला उदाहरण म्हणून त्यांच्या शाळेतल्या एका मुलाची गोष्ट दिलीय, तिच्याकडे शेवटी येते.

सर, आधी एक कबूल करते. 'अमेरिकेत हे असंच चालत आलंय' असं मी पोस्टमध्ये लिहिलं होतं ते साफ चूक. असं अजिबात चालत आलेलं नाही. तुमचं म्हणणं इथल्या सुप्रीम कोर्टाने एकदा मान्य केलंय, आठ विरुद्ध एक अशा मोठ्या मताने. तीन वर्षांनी तेच कोर्ट स्वतःच्या तोंडाने चूक झाली म्हणालं, आणि मला त्या तीन वर्षांबद्दलच बोलायचंय.

पेन्सिल्वेनियात मायनर्सव्हिल म्हणून कोळशाच्या खाणींचं गाव आहे. तिथे १९३५ साली एका किराणा दुकानदाराच्या बारा वर्षांच्या मुलीने आणि दहा वर्षांच्या मुलाने झेंड्याला सलामी द्यायला नकार दिला. हे लोक जेहोवाज विटनेस पंथाचे. देवाशिवाय कशालाही वंदन करायचं नाही, झेंडा असो की राजा असो, असं त्यांचं म्हणणं, आणि त्याच सुमाराला जर्मनीत त्यांचेच पंथबंधू हिटलरला हात वर करत नाहीत म्हणून छळछावणीत जात होते. दहा वर्षांच्या पोराने शाळेच्या बोर्डाला स्वतःच्या अक्षरात पत्र लिहिलं, बायबलचा दाखला देऊन. शाळेने दोघांना काढून टाकलं, गावाने बापाच्या दुकानातला माल घेणं बंद केलं.

केस वर गेली आणि ३ जून १९४० ला निकाल लागला. तारीख बघा, पॅरिस पडायला अकरा दिवस होते. निकाल लिहिला जस्टिस फ्रँकफर्टर यांनी, व्हिएन्नात जन्मलेला ज्यू माणूस, बाराव्या वर्षी बोटीतून आला तेव्हा इंग्रजीचं अक्षर येत नव्हतं, इथल्या शाळेनेच त्यांना अमेरिकन केलं. त्यांनी लिहिलं की राष्ट्रीय ऐक्य हा राष्ट्रीय सुरक्षिततेचा पाया आहे, आणि मुलांमध्ये ते कसं रुजवायचं हे शाळेने ठरवावं, कोर्टाने त्यात पडू नये. म्हणजे सर, तुमचंच म्हणणं, आणि मांडणारा माणूसही कोणी ऐरागैरा नव्हता.

मग काय झालं? निकाल लागल्यावर आठवड्याभरात मेन राज्यातल्या केनेबंक गावात जमावाने या लोकांचं प्रार्थनाघर जाळलं. वेस्ट व्हर्जिनियातल्या रिचवुडमध्ये त्यांना पकडून बळजबरीने एरंडेल पाजलं, दोरीला बांधून गावातून फिरवलं, आणि त्यात खुद्द डेप्युटी शेरीफ सामील होता. असं गावोगाव घडलं. कोर्टाने फक्त एवढंच म्हटलं होतं की शाळा सक्ती करू शकते, मारा असं कुठे म्हटलं होतं? पण लोकांनी त्याचा अर्थ लावला की हे देशद्रोही आहेत हे आता सर्वात वरच्या कोर्टानेच सांगितलंय. सक्तीचं हे असंच होतं, वर्गात दोन मिनिटं उभं राहण्यापुरती ती राहत नाही, शाळेच्या फाटकाबाहेर येते आणि तिथे तिला हेडमास्तर नसतो.

१९४२ मध्ये त्या आठातल्या तीन न्यायमूर्तींनी दुसऱ्याच एका केसमध्ये लिहून टाकलं की आमचं तेव्हा चुकलं. हे फार कमी वेळा होतं, तिथेही आणि आपल्याकडेही. आणि १४ जून १९४३ ला, नेमका इथला झेंडा दिन, वेस्ट व्हर्जिनियातल्या बार्नेट कुटुंबाच्या केसमध्ये कोर्टाने सहा विरुद्ध तीनने आधीचा निकाल फिरवला. (मायनर्सव्हिलच्या कुटुंबाचं आडनाव गोबिटास, ते कोर्टाच्या कागदावर गोबिटिस झालं, आणि बार्नेटच्या स्पेलिंगमागेही एक अक्षर जास्तीचं चिकटलं. लोकांना न्याय देणाऱ्यांना त्यांचं आडनाव नीट लिहिता येऊ नये हा प्रकार फक्त आपल्या तलाठी ऑफिसात होतो असं मला वाटायचं.) तो निकाल लिहिणारे जस्टिस जॅक्सन, जे दोन वर्षांनी न्यूरेंबर्गला नाझींविरुद्ध सरकारी वकील म्हणून उभे राहिले. त्यांनी लिहिलं की सक्तीने एकमत घडवायला गेलं की हाती लागते ती स्मशानातली एकवाक्यता. भर युद्धात हं, मुलं रणांगणावर मरत असताना.

एक गंमत सांगते. १९४२ पर्यंत इथली पोरं प्लेज म्हणताना हात छातीवरच ठेवत नव्हती, उजवा हात झेंड्याकडे सरळ पुढे करायची, आपण परिपाठाला 'भारत माझा देश आहे' म्हणताना करायचो तसाच. मग ते हिटलरच्या सॅल्यूटसारखं दिसतं म्हणून सरकारनेच बदललं. म्हणजे जी सलामी दिली नाही म्हणून पोरं शाळेतून गेली ती सलामीच सरकारला लाज वाटून बदलावी लागली!

आता 'आपल्याकडे खपवून घेतलं नसतं' याबद्दल. सर, आपल्याकडे हे घडून गेलंय. केरळमध्ये १९८५ साली याच पंथाची तीन भावंडं राष्ट्रगीताला उभी राहायची, अगदी आदराने, पण म्हणायची नाहीत. एका आमदाराच्या ते डोळ्यावर आलं, विधानसभेत प्रश्न झाला, चौकशी बसली, चौकशीने सांगितलं की मुलं गुणी आहेत आणि राष्ट्रगीताचा अपमान वगैरे काही करत नाहीत, तरी शाळेतून काढलं. हायकोर्टात हरली. सुप्रीम कोर्टाने ऑगस्ट १९८६ मध्ये त्यांना परत शाळेत घ्यायला लावलं, बिजो इमॅन्युएल केस म्हणून ती प्रसिद्ध आहे, आणि त्या निकालात जस्टिस चिन्नप्पा रेड्डींनी अमेरिकेतल्या या दोन्ही निकालांची चर्चा केलीय. शेवटी ते लिहितात की आपली परंपरा सहिष्णुता शिकवते, तत्त्वज्ञान तेच सांगतं, घटना तेच आचरते, त्यात पाणी घालू नका. तेव्हा हे अमेरिकन खूळ आहे असं कसं म्हणायचं?

बरं, नाझी. इथे मी तुमच्यापुढे अर्धी हरते हे सांगून टाकते. शिकागोजवळ स्कोकी म्हणून गाव आहे, तिथे छळछावण्यांतून वाचून आलेले हजारो ज्यू राहत होते, आणि १९७७ मध्ये मूठभर नाझींनी मुद्दाम तेच गाव निवडलं, स्वस्तिक लावून यायचं म्हणून. त्यांच्या बाजूने कोर्टात उभा राहिला तो वकील ज्यू, नागरिकांच्या हक्कांसाठी कोर्टात लढणाऱ्या ज्या एसीएलयू संस्थेचा तो वकील तिचा प्रमुख ज्यू, तोही बर्लिनमध्ये जन्मलेला, लहानपणी हिटलरपासून पळालेला. संस्थेचे हजारो सभासद रागाने सोडून गेले. केस नाझी जिंकले. मला कोणी सांगितलं की जा, हातावर छळछावणीचा नंबर गोंदलेल्या त्या गावातल्या आजीला मतस्वातंत्र्य समजावून ये, तर मी जाणार नाही. माझी जीभ उचलणार नाही. तुम्ही म्हणता ती नीती तिथे आजीच्या बाजूला आहे, मला दिसतंय.

पण नीती कोर्टात गहाण पडली हे मात्र पटत नाही, कारण पुढे काय झालं ते बघा. नाझी शेवटी स्कोकीत आलेच नाहीत, शिकागोत कुठेतरी मोर्चा काढून गेले. आणि जे लोक तीस वर्षं छळाबद्दल शेजाऱ्यापाशीसुद्धा बोलत नव्हते ते या प्रकाराने बोलायला लागले, त्यांनी संस्था काढली, शाळाशाळांत जाऊन सांगायला लागले, १९९० मध्ये इलिनॉय राज्याने (शिकागो, स्कोकी याच राज्यात) होलोकॉस्ट, म्हणजे नाझींनी केलेला ज्यूंचा संहार, शिकवणं शाळांना सक्तीचं केलं, असं करणारं पहिलं राज्य, आणि २००९ मध्ये स्कोकीतच म्युझियम उभं राहिलं. कोर्टाने फक्त सांगितलं की पोलिसांनी तोंड बंद करायचं नाही. उत्तर द्यायचं काम गावाकडे राहिलं, आणि गावाने ते केलं. (हो, शिकवणं सक्तीचं केलं, हे तुम्ही पकडणार मला माहितीय. शिकवायची सक्ती आणि 'हे मला मान्य आहे' असं म्हणवून घ्यायची सक्ती यात मी फरक करते, तुम्ही कराल की नाही ते तुम्ही बघा.)

आणि मला टोचतं ते वेगळंच आहे, तुम्ही ते विचारलं नाहीत म्हणून मीच सांगते. २०२३ मध्ये कोलोराडोतल्या एका वेबसाइट डिझायनर बाईंची केस गाजली, त्यांना समलिंगी जोडप्यांच्या लग्नाच्या वेबसाइट करायच्या नव्हत्या, आणि कोर्टाने सहा विरुद्ध तीनने त्यांचं ऐकलं. आधार कशाचा? याच बार्नेट निकालाचा, की मनात नाही ते सरकारने माणसाकडून वदवून घेऊ नये. तो निकाल वाचून मी नवऱ्याशी तासभर भांडले, म्हणजे तो गप्प होता, मीच भांडत होते. दुकान उघडलंय तर आलेल्या गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही असं मला अजून वाटतं, तिथे झळ दुसऱ्याला बसते, वर्गात बसून राहणाऱ्या पोराची कोणालाच बसत नाही. पण ज्या वाक्यावर मी महिनाभरापूर्वी लाडाने पोस्ट लिहिली तेच वाक्य मला नको त्या माणसाच्या हातात बघितलं की पोटात गोळा येतो, हेही खरंय. तुम्ही मला सोयीस्कर म्हणालात, तो शब्द थोडा लागला, आणि थोडा बरोबर लागला.

आता तुमची गोष्ट. तुमच्या शाळेतला मुलगा प्रार्थनेला हात जोडायचा नाही, तुम्ही त्याला झेंड्याच्या खांबापाशी उन्हात उभं केलंत, दुसऱ्या दिवसापासून तो हात जोडायला लागला, आणि वीस वर्षांनी पीएसआय होऊन पाया पडायला आला. मला त्यात खोटं काही दिसत नाही, माझ्या वडिलांकडेही अशी मुलं यायची, त्यांनी छड्या खाल्लेल्या असायच्या आणि तरी पेढे घेऊन यायची. फक्त एक राहिलं, मी तीन वेळा कॉमेंट वाचली तरी मला ते सापडलं नाही. तो हात का जोडत नव्हता? तुम्ही त्याला तेव्हा विचारलं होतंत का, की पाया पडायला आला तेव्हा विचारलंत? जमलं तर लिहा सर, मी वाट बघते.