रेडिसमधली मुदत संपली म्हणजे मेमरी लगेच मोकळी झाली, असं नाही

रेडिस म्हणजे माहिती मेमरीत ठेवणारा डेटाबेस. त्याबद्दल डेव्हलपर मंडळींच्या ग्रुपवर सध्या फिरतंय: ‘रेडिसमध्ये ३०० सेकंदांची मुदत लावा, ३०१व्या सेकंदाला नोंद मेमरीतून गेलेली असते.’ हे अर्धंच खरं आहे. मुदत उलटल्यावर नोंद वाचायला गेलात तर ती मिळणार नाही, एवढं पक्कं. मेमरीचं मात्र तसं नाही. रेडिस प्रत्येक नोंदीमागे वेगळं घड्याळ लावत नाही. कुणी नोंद मागितली की त्या क्षणी मुदत तपासून ती पुसतो. जी कुणीच मागत नाही तिच्यासाठी, मूळ सेटिंगनुसार, सेकंदाला १० वेळा फेरी मारतो आणि मुदत लावलेल्या नोंदींतल्या थोड्या उचलून तपासतो. म्हणून लाखो ओटीपींची मुदत एकदम संपली तर मेमरीचा आकडा हळूहळू उतरतो. ही गळती नव्हे. त्यासाठी कृपया सर्व्हर रीस्टार्ट करू नका.

मला खरी काळजी वाटते ती दुसऱ्याच गोष्टीची. त्याच नोंदीवर पुन्हा साधा ‘सेट’ (नोंद लिहिण्याची कमांड) चालवला की जुनी मुदत उडते. ‘टीटीएल’ (किती मुदत उरली ते सांगणारी कमांड) विचारून बघा, उणे १ येईल, म्हणजे नोंदीला आता मुदतच नाही. ती टिकवायची तर ‘सेट’ला ‘कीपटीटीएल’ जोडा (आवृत्ती ६.० पासून आहे), नाहीतर ‘ईएक्स’ लावून सेकंदांतली मुदत पुन्हा द्या.