बॉनहॅमच्या जागी बसायचं म्हणजे

"ग्रोलपुढे बाकीचे सगळे कच्चे लिंबू," छोट्या म्हणाला, आणि त्यानंतर दीड तास कोणी घरी जायचं नाव काढलं नाही.

विषय लेड झेपलिन या इंग्लिश रॉक बँडचा होता, खरं तर त्यांचा ड्रमर जॉन बॉनहॅमचा. 25 सप्टेंबर 1980 ला बॉनहॅम गेला, वय अवघं 32. डिसेंबरात उरलेल्या तिघांनी पत्रक काढून बँड थांबवला. पण गिटारवाला जिमी पेज, गायक रॉबर्ट प्लँट आणि बेस गिटारवाला जॉन पॉल जोन्स यांच्यातले दोघं-तिघं पुढे जेव्हा जेव्हा एकत्र मंचावर आले, तेव्हा मागे ड्रमसेटवर कोणाला तरी बसावंच लागलं. त्या बसणाऱ्यांत सगळ्यात चांगला कोण, एवढाच प्रश्न. नदीपात्रातला ढोल-ताशाचा सराव संपला की आमची मंडळी कट्ट्यावर टेकतात, त्यामुळे या प्रश्नावर इथे मत नसलेला माणूस मिळणं कठीण. मास्तर ड्रम शिकवतात, आधी ऑर्केस्ट्रात वाजवायचे. मनी ताशा वाजवते. काकांनी झेपलिनच्या तबकड्या त्या नव्या असताना ऐकल्यात. छोट्याकडे फोन आहे आणि फोनमध्ये सगळं आहे.

त्याने 7 जून 2008 चं वेम्बली स्टेडियम लावलं. फू फायटर्स या रॉक बँडचा कार्यक्रम, पाहुणे म्हणून पेज आणि जोन्स. त्यांचा गायक डेव्ह ग्रोल गाणं सोडून ड्रमवर जातो, ड्रमर टेलर हॉकिन्स माइक हातात घेतो आणि झेपलिनचं 'रॉक अँड रोल' सुरू होतं. ग्रोलचा आनंद नुसता ओसंडतो. ज्या माणसाची गाणी ऐकत तो ड्रम शिकला, त्याच्या जागी बसायला मिळालंय आणि समोर खुद्द पेज. ते बघून मलाही भरून येतं, हे मी आधीच सांगतो.

"ताकद बघा!" छोट्या म्हणाला.

"ताकद दिसतेय," मास्तर म्हणाले, "पण बॉनहॅमचं वजन ताकदीतून येत नव्हतं. मनगट सैल, स्टिक पडू द्यायची आणि उसळली की सोडून द्यायची. पायाने वाजवायचा बेस ड्रम 26 इंची, साधारण ड्रमर 22 चा घेतो. एवढ्या मोठ्या ड्रमला घुमायला वेळ द्यावा लागतो, म्हणून तो घाई करतच नाही. ग्रोल पुढे रेटतो. पेजला त्याच्या मागून पळावं लागतंय, ऐक नीट."

मनीचं लक्ष दुसरीकडे होतं. "सुरुवात परत लाव," ती म्हणाली. तीनदा ऐकून तिने बोटांनी कट्ट्यावर वाजवून दाखवलं. पहिला ठोका समेवर नाहीच. मात्रेच्या अर्ध्यावर उचल आहे, आणि ऐकणारा त्यालाच सम समजून बसतो. मग गिटार येते तेव्हा आपण अर्धी मात्रा चुकलोय असं वाटतं. जगभरचे बँड याच जागी आपटतात. ग्रोल तिथे अजिबात हलला नाही, हे मनीने मान्य केलं. मीही करतो.

मग काकांना राहवलं नाही. "तुम्ही आता कॉलिन्सवर येणार, मला माहितेय. आधीच सांगतो, मी ऐकून घेणार नाही."

13 जुलै 1985, लाइव्ह एड, एकाच दिवशी लंडन आणि फिलाडेल्फियात झालेला मदतनिधीचा कार्यक्रम. ड्रमर-गायक फिल कॉलिन्स दुपारी लंडनला वेम्बलीत वाजवतो, काँकॉर्ड विमानाने अटलांटिक ओलांडतो आणि त्याच दिवशी फिलाडेल्फियाच्या जेएफके स्टेडियमवर झेपलिनच्या मागे बसतो. शेजारी दुसऱ्या सेटवर शिक बँडचा टोनी थॉम्पसन. गाणी तीनच, आणि तिन्ही फसली. पेजची गिटार सुरात नाही, प्लँटचा गळा बसलेला, मागे दोन ड्रमर. 2004 मध्ये लाइव्ह एडची डीव्हीडी निघाली तेव्हा झेपलिनने आपला भाग त्यात घेऊच दिला नाही.

"त्याचं खापर कॉलिन्सच्या डोक्यावर फोडतात सगळे," काका तापले. "अहो, प्लँट एकटा पडला तेव्हा त्याच्यासोबत कोण उभा राहिला? 1982 चा पहिला अल्बम, 1983 चा दुसरा, दोन्हींत ड्रमवर जास्त करून कॉलिन्सच. त्याच्याबरोबर दौऱ्यावरही गेला. बॉनहॅमसोबत बारा वर्षं गायलेला माणूस ज्याला स्वतः निवडतो, त्याला वाजवता येत नाही म्हणता?"

काकांचा हा मुद्दा बिनतोड आहे. कॉलिन्सला वाजवता येत होतं, तालीम नव्हती. दोन ड्रमर एकाच ठेक्यावर बसवायचे तर कोण काय सोडणार हे आधी ठरवावं लागतं. मनी म्हणाली, ताशे दोन असले तरी हेच, नाहीतर नुसता गोंगाट होतो. त्या चित्रफितीत कॉलिन्स सारखा थॉम्पसनकडे बघत असतो, तो आता कुठे जाणार याचा अंदाज घेत. आणि थॉम्पसन वाईट नव्हता, उलट त्याचा हात भारी होता. पण बॉनहॅमच्या ठेक्यात मोकळी जागा फार असते, आणि ती जागा दोघांनी वाटून भरून टाकली. तिथेच ते गाणं गेलं.

माझं सगळं म्हणणं या मोकळ्या जागेपाशी आहे. बॉनहॅमचे तुकडे आज कोणीही हुशार पोरगा उचलतो. 'गुड टाइम्स बॅड टाइम्स'मधली ती पायाची कमाल घ्या: तीनाच्या गटातला पहिला ठोका सोडायचा आणि पुढचे दोन एकाच पेडलवर एकाच पायाने मारायचे. 1969 मध्ये ऐकणाऱ्यांना वाटलं दोन बेस ड्रम आहेत. आज त्याचे धडे मिळतात, घासून घासून येतो. जे येत नाही ते म्हणजे न वाजवता थांबणं. त्यासाठी 'कश्मीर' ऐकायचं.

छोट्याला यात काय अवघड आहे ते कळेना. बेस ड्रम, स्नेअर (समोरचा छोटा ड्रम), बेस, स्नेअर, साडेआठ मिनिटं. मग मनीने त्याला चारच्या टाळ्या धरायला लावल्या आणि स्वतः वरून तीन-तीनचे गट मोजत गेली, गिटार जाते तसे. एक-दोन-तीन, एक-दोन-तीन. दुसऱ्या आवर्तनात छोट्याची टाळी तिच्या मागे घसरली. पुन्हा धरली, पुन्हा घसरली. चौथ्या खेपेला बाराव्या मात्रेनंतर दोघं एकदम समेवर आले आणि तो ओरडलाच. गाणं चालतं ते यावर. गिटार तीनाने फिरते, ड्रम चाराने उभा राहतो, बारा मात्रांनी भेट. ड्रमरने गिटारच्या मागे जायचा मोह धरला की गाणं साधं होऊन जातं. मधे दोन तुकडे जास्त टाकले तरी तेच. बॉनहॅम जागचा हलत नाही, म्हणून वरचं सगळं फिरताना ऐकू येतं.

आता माझा माणूस. मायकेल ली. याचं नाव घेतलं की कट्ट्यावर "कोण?" येतंच, आणि मला दर वेळी वाईट वाटतं. 1993 मध्ये तो प्लँटच्या अल्बममध्ये वाजवत होता. 1994 मध्ये पेज आणि प्लँट जुनी गाणी नव्याने मांडायला एकत्र आले तेव्हा ड्रमवर तोच, 1995-96 च्या जगभरच्या दौऱ्यातही तोच. तिथे 'कश्मीर' इजिप्शियन वादकांसोबत होतं, तालवाद्यांची धुरा होसाम रमझीकडे. म्हणजे जिथे बॉनहॅम एकटा होता, तिथे आता डरबुका आणि डफ भोवती. लीने काय केलं? त्यांना जागा दिली. पहिली कितीतरी मिनिटं तो फक्त ते उभे चार धरून बसलाय, आणि शेवटी सगळे एकत्र चढतात तेव्हा कुठे हात सोडतो. अनोळखी वाद्यांच्या मधे बसून बॉनहॅमचा संयम सांभाळणारा दुसरा माणूस मला माहीत नाही. 2008 मध्ये, चाळिशीही न गाठता, तो गेला. त्याच्याबद्दल फार कमी लिहिलं गेलंय.

"शेवटी रक्त ते रक्त," काका म्हणाले आणि 10 डिसेंबर 2007 वर आले. लंडनचं ओ टू सभागृह, झेपलिनची रेकॉर्ड कंपनी अटलांटिकचा संस्थापक अहमत अर्टेगनच्या स्मरणार्थ कार्यक्रम. एका रात्रीसाठी 2 कोटी लोकांनी तिकिटाची मागणी नोंदवली. ड्रमवर जेसन बॉनहॅम, जॉनचा मुलगा.

मास्तर एरवी काकांचं ऐकून घेतात. इथे त्यांनी काकांना थांबवलं. "रक्ताचं नाही काका, हे साफ चूक आहे. 14 मे 1988 ला न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनला हाच जेसन यांच्याच मागे बसला होता, 21 वर्षांचा. रक्त तेच होतं ना? मग ती रात्र बँडच्या स्वतःच्या मनातही का उतरली नाही? मधे 19 वर्षं गेली. या पोराने दुसऱ्या बँडांत वाजवलं, बापाचं काम ऐकून ऐकून पाठ केलं. आणि ओ टूच्या आधी तालीम झाली, भरपूर. हे सगळं 'रक्त' म्हणून उडवून लावलं की त्याच्या मेहनतीवर अन्याय होतो."

यावर माझी मास्तरांना पूर्ण साथ. ओ टूला सुरुवातच 'गुड टाइम्स बॅड टाइम्स'ने होते, म्हणजे परीक्षेतला सगळ्यात कठीण प्रश्न पहिला. जेसन तो पायाचा तुकडा घेतो, वर कोरसमध्ये गातोसुद्धा. पण मला तो आवडतो तो पेजकडे कान लावून बसल्यामुळे. पेज एखादी ओळ ओढून धरतो, जेसन स्नेअर तितकीच उशिरा ठेवतो. जॉन बॉनहॅमचंही हेच होतं. बहुतेक ड्रमर बेस गिटारच्या साथीने जातात, हा गिटारचा सूर धरून जायचा. 'कश्मीर'ला जेसन वडिलांपेक्षा थोडे जास्त तुकडे टाकतो, हे माझं एकच गाऱ्हाणं. मास्तर म्हणतात ते तुकडे त्याचे स्वतःचे आहेत आणि एवढा हक्क त्याने कमावलाय. आमचं इथे जमत नाही.

छोट्याने मग पिल्लू सोडलं, की 'व्हेन द लेव्ही ब्रेक्स'सारखा आवाज यांच्यातल्या एकाच्याही ड्रममधून निघत नाही. कसा निघेल? तो आवाज नुसत्या ड्रमचा नाही. हेडली ग्रेंज नावाच्या जुन्या घरात, जिन्याखालच्या मोकळ्या जागेत सेट मांडला, दोन माइक वरच्या मजल्यावरून लटकवले आणि वर एको चढवला. त्या जिन्याचा आवाज आहे तो. खुद्द बॉनहॅमनेही ते गाणं मंचावर मोजक्याच वेळा वाजवलं. रेकॉर्डवरचा आवाज डोक्यात धरून मंचावरच्या माणसाला गुण द्यायचे, ही तुलनाच खोटी.

मनी बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "तुमच्या यादीत मुंबईवाले का नाहीत?"

आता गप्प बसायची पाळी आमची होती. 1972 मध्ये पेज आणि प्लँट मुंबईला आले, बॉनहॅमला न घेता. इथल्या वादकांना जमवून दोन गाणी त्यांनी स्टुडिओत वाजवून बघितली. त्यातलं एक 'फोर स्टिक्स', ज्याचं नावच बॉनहॅमने दोन्ही हातांत दोन-दोन स्टिक धरून वाजवलं म्हणून पडलं. पाच आणि सहाच्या गटांत चालणारं, भल्याभल्यांची मोजणी चुकवणारं गाणं. ते इथे तबल्यावर झालं. 2015 मध्ये 'कोडा' या झेपलिनच्या अल्बमच्या नव्या आवृत्तीत 'फोर हँड्स' या नावाने ते अधिकृतपणे बाहेर आलं. बॉनहॅम जिवंत असताना, त्याच्याच बँडच्या दोघांसमोर, त्याचा ठेका दुसऱ्या कोणीतरी वाजवला तो आपल्या मुंबईत.

"तो स्टुडिओ होता, मंच नाही," मास्तर म्हणाले. "यादी मंचावरच्यांची आहे."

"समोर पेज बसलाय, ड्रमसेट नाही, आणि पाच-सहाचं गाणं उभं करायचंय," मनी म्हणाली. "याहून अवघड मंच कुठला असतो, मास्तर?"

मास्तरांनी छोट्याचा फोन घेतला आणि गाणं पहिल्यापासून लावलं. काका मोजायला लागले, पाचावर की सहावर यावरून त्यांचं आणि मनीचं जुंपलं, आणि ग्रोल कोणाच्याही लक्षात राहिला नाही. माझ्या यादीत जेसन पहिला, ली दुसरा. तिसरी जागा मी मनीच्या तबलजींना दिली, आणि मास्तर त्यावर अजून अडून आहेत.