गीता उघडावी, पण नेमक्या पानावर

ज्या उद्योजकाच्या केबिनमध्ये कृष्णार्जुनाचा रथ टांगलेला नाही, त्याला कोल्हापुरात आता कोणी दूरदृष्टीचा म्हणणार नाही. तेव्हा आपणही उशीर करू नये. फौंड्री गोकुळ शिरगावात असो वा शिरोलीत, प्राचीन भारतीय नेतृत्वशास्त्रावर एक व्याख्यान आपल्याकडे झालेच पाहिजे. मानधन मात्र आगाऊ द्यावे. निष्काम कर्मयोगावर बोलणारी मंडळी या बाबतीत फार काटेकोर असतात.

गीतेचे १८ अध्याय आणि ७०० श्लोक वाचत बसण्याचे कारण नाही. दुसऱ्या अध्यायातला ४७ वा श्लोक पुरे. ‘कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन’ हे शब्द सोनेरी अक्षरांत लिहून हजेरीच्या मशीनवर लावावेत, आणि तेही दिवाळीच्या तोंडावर, म्हणजे बोनसचा विषय निघताच नुसते बोट दाखवले तरी भागते. शिफ्ट सुटताना मोल्डिंगमधला एखादा जुना कामगार गळ्यावरची काळी वाळू टॉवेलने पुसत म्हणेल, “मालक, फळाचं ऱ्हाऊ दे, गेल्या म्हैन्याचा ओव्हरटाइम तेवढा द्या की.” त्याच्याकडे करुणेने पाहावे, आसक्ती एवढ्यात सुटत नसते. मात्र हा श्लोक पगारपत्रकावर नाव असणाऱ्यांपुरताच लागू आहे, हे विसरू नये. पुण्याच्या ग्राहकाने कास्टिंगचे बिल थकवले, तर फळाची अपेक्षा फोनवरून, शक्य तितक्या चढ्या आवाजात व्यक्त करावी.

तिसऱ्या अध्यायात ‘यद्यदाचरति श्रेष्ठस्तत्तदेवेतरो जनः’ असा एक अडचणीचा श्लोक आहे. श्रेष्ठ माणूस जसा वागतो तसेच इतर वागतात, असे त्यात म्हटले आहे, आणि आपण कारखान्यात अकराच्या आत येत नाही. तो वगळावा.

मग चाणक्याकडे वळावे. कौटिल्याच्या अर्थशास्त्राचे हस्तलिखित म्हैसूरच्या शामशास्त्रींच्या हाती लागले आणि १९०९ मध्ये तो ग्रंथ छापून निघाला. त्याआधीच्या व्यापाऱ्यांनी हिशेब कसे ठेवले असतील, या विचाराने आपल्यासारख्याला गलबलून येते. पाण्यातला मासा पाणी केव्हा पितो हे जसे कळत नाही, तसे अधिकारी पैसा केव्हा खातो हेही कळत नाही, हे त्यातले वचन स्टोअरकीपरला दर सोमवारी ऐकवावे. अपहाराचे ४० प्रकारही त्याच ग्रंथात सांगितले आहेत. त्यांपैकी जे आपण जीएसटीच्या कामी वापरतो, ते मात्र त्याला वाचून दाखवू नयेत.

पुस्तक हाताळताना सावध राहावे, कारण कौटिल्याची लेखणी मालकाच्या दिशेनेही वारंवार वळते. कामासाठी आलेल्या माणसाला राजाने दारात तिष्ठत ठेवू नये, असे तो सांगतो. आपल्या केबिनबाहेरच्या बाकड्याचे मग काय करायचे? वेतन न देणाऱ्याला तो दंड सांगतो. राजसेवेत असताना मृत्यू आलेल्या सेवकाच्या बायकामुलांना अन्न आणि वेतन मिळावे, असेही तो लिहून गेला आहे. भट्टीजवळ भाजलेल्या माणसाला ‘तो कंत्राटदाराचा होता’ असे म्हणून हात झटकणाऱ्या आधुनिक व्यवस्थापनाला हे परवडणारे नाही. ही पाने स्टेपल करून टाकावीत.

आणखी एक धोका केवळ स्थानिक आहे. मंत्र कोणता, तो कोण म्हणतो आणि कोणासाठी म्हणतो, हे तपासण्याची या गावाला जुनी खोड आहे. १८९९ मध्ये पंचगंगेवरच्या स्नानाच्या वेळी आपल्यासाठी वेदोक्त मंत्र म्हटले जात नाहीत, हे शाहू महाराजांच्या ध्यानात आले, आणि पुढे त्या प्रकरणाने सारा महाराष्ट्र ढवळून निघाला. एवढा इतिहास असलेल्या गावात व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरे ठेवू नयेत. लगेच जेवण लावावे. तांबडा-पांढरा रस्सा समोर आला की शंका आपोआप मिटतात. (व्याख्याते शाकाहारी असल्यास त्यांचे पान वेगळे मांडावे आणि अहिंसेचा विषय काढू नये.)

राहता राहिला अठरावा अध्याय. एवढा सगळा उपदेश करून झाल्यावर श्रीकृष्ण अर्जुनाला म्हणतो, ‘यथेच्छसि तथा कुरु’, म्हणजे नीट विचार करून तुला हवे तसे कर. प्रत्यक्ष भगवंताने हाताखालच्या माणसाला दिलेली ही मोकळीक कारखान्यात फार महागात पडेल. कामगारांना तिथपर्यंत वाचायला वेळच मिळू नये, यासाठी ओव्हरटाइम आहेच.